कॉलेजात नव्याने रुजू झालात? कोर्स, फाईल आणि तासांची भिशी

रुजू झाले त्या दिवशी माझ्या हातात तीन गोष्टी पडल्या: वेळापत्रक, हजेरीपट आणि कपाटाची किल्ली. वर्गात शिकवायचं कसं, पुढच्या स्थाननिश्चितीला (म्हणजे वरच्या वेतनस्तरात जायला) काय लागतं, आजारी पडले तर माझे तास कोण घेणार, यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलंच असेल. पुढे एकेक गोष्ट ठेच लागली तेव्हाच कळली.

मी एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला मी हे सगळं पहिल्याच महिन्यात, चहा पाजून, सांगते. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. त्यात प्रशिक्षणाचा भाग आहे आणि स्टाफरूममधल्या एकमेकांना सांभाळण्याचाही आहे. तुमचे तास कुणीतरी उचलल्याशिवाय तुम्ही महिनाभराच्या कोर्सला बसूच शकत नाही, आणि कोर्सवरून आल्यावर कुणी तुमच्या वर्गात येऊन बसलं नाही तर शिकलेलं पंधरा दिवसांत विरून जातं. म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

१. पहिल्या आठवड्यात कागद एका जागी आणा

एक जाड फाईल विकत घ्या आणि त्यात हे लावा:

– नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल
– विद्यापीठाचं मान्यता पत्र (आलं नसेल तर प्रस्ताव पाठवल्याची पोच)
– पदव्यांची आणि गुणपत्रिकांची प्रत, नेट किंवा सेट, पीएचडी असल्यास विद्यापीठाची अधिसूचना
– जात प्रमाणपत्र आणि वैधता, लागू असेल तर
– सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
– एक साधी दोनशे पानी वही

वही कशाला, ते पुढे येईल. आधी एक काम करा. सगळ्या कागदांवर तुमचं नाव एकसारखं आहे का ते अक्षर न अक्षर ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची फाईल इथेच अडते. पदवी माहेरच्या नावाने, नियुक्ती सासरच्या नावाने, कोर्सचं प्रमाणपत्र तिसऱ्याच स्पेलिंगने. राजपत्रात नाव बदलाची नोंद करून घेतली असेल तर तिची प्रत पहिल्याच दिवशी फाईलला लावा. पुढे कुठल्याही कोर्सला नाव नोंदवताना नियुक्ती आदेशावर आहे तेच स्पेलिंग टाका.

२. कोणता कोर्स कशासाठी, हे आधी समजून घ्या

मी इथेच चुकले. पहिल्या वर्षी एका आठवड्याचा ऑनलाइन एफडीपी (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम, म्हणजे शिक्षकांचा छोटा प्रशिक्षण कार्यक्रम) केला आणि ओरिएंटेशन झालं असं समजून निवांत राहिले. पाच वर्षांनी फाईल तपासताना आमच्या कार्यालयातल्या वरिष्ठ लिपिकांनी दाखवून दिलं, की ओरिएंटेशनची अटच पूर्ण झालेली नाही. त्यानंतर अर्ज केला, पहिल्या बॅचमध्ये जागा नव्हती, दुसऱ्या बॅचला निवडणुकीचं काम लागलं. असं करत सव्वा वर्ष गेलं.

साधा हिशोब असा. तुम्ही सहायक प्राध्यापक म्हणून वेतनस्तर १० मध्ये लागता; सातव्या वेतन आयोगात तिथलं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. स्तर ११ ला जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, एमफिल असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षं सेवा लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १८ जुलै २०१८ च्या विनियमांनुसार या पहिल्या टप्प्यासाठी प्रशिक्षणाच्या दोन अटी आहेत:

एक, अध्यापन पद्धतीवरचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स. आता त्याच्या जागी बहुतेक जण एक महिन्याचा फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम करतात. त्याची यूजीसीची पुस्तिका २०१९ मध्ये ‘गुरुदक्षता’ या नावाने निघाली.

दोन, यांपैकी कोणतंही एक: रिफ्रेशर (विषयाची उजळणी करून देणारा कोर्स), संशोधन पद्धती कार्यशाळा, किमान एका आठवड्याचा एफडीपी, किंवा परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेला एक मूक (MOOC, म्हणजे सगळ्यांना खुला ऑनलाइन) कोर्स. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स इथे चालतात.

म्हणजे माझा एफडीपी वाया गेला नव्हता. तो दुसऱ्या अटीत बसत होता. पहिल्या अटीला तो पर्याय नव्हता, एवढंच. पहिल्या अटीला सोपी पळवाट नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करा.

हे कोर्स घेणाऱ्या केंद्रांच्या नावांनी नवी माणसं गोंधळतात. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं सुरू झाली. पुढे त्यांचं नाव एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्र) झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशन सुरू झाल्यापासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. त्यामुळे निवृत्तीला आलेले सर ‘एएससी’ म्हणतात, मधल्या पिढीतले ‘एचआरडीसी’ आणि नव्या परिपत्रकात ‘एमएमटीटीसी’ लिहिलेलं असतं. तिन्ही एकच. आपल्याकडे पुणे, मुंबई, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथल्या विद्यापीठांत आणि गोवा विद्यापीठात अशी केंद्रं आहेत. तुमच्याच विद्यापीठाचं केंद्र हवं असं बंधन नाही. देशातल्या कुठल्याही केंद्राचा कोर्स चालतो आणि बरेचसे कोर्स ऑनलाइन असतात.

यातले सापळे:

– व्हॉट्सॲपवर रोज ‘नॅशनल लेव्हल एफडीपी’च्या जाहिराती फिरतात. पैसे भरण्याआधी आयोजक कोण, कोर्स किती दिवसांचा आणि प्रमाणपत्रावर तारखा असणार का, हे बघा. तीन दिवसांचा वेबिनार आठवड्याच्या अटीत बसत नाही.
– कोर्सची तारीख तुमच्या मूल्यांकन कालावधीच्या, म्हणजे ज्या वर्षांच्या सेवेवर तुम्ही पुढचा स्तर मागता त्यांच्या, आत पडली पाहिजे. कालावधी संपल्यावर केलेला कोर्स मागच्या टप्प्याला जोडला जाईल असं धरून चालू नका. एकदा दाखवलेला कोर्स पुढच्या टप्प्याला पुन्हा दाखवता येत नाही.
– मालवीय मिशनचा २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाची ओळख करून देणारा छोटा कार्यक्रम जरूर करा, तो उपयोगी आहे. पण तो महिन्याच्या इंडक्शनच्या जागी धरू नका.
– जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या विनियमांचा मसुदा काढला. त्यामुळे अर्ज करताना जुन्या सहकाऱ्याच्या फाईलची नक्कल करू नका. त्या दिवशी लागू असलेला नियम आणि तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून वाचा.

३. अर्ज, रजा आणि मस्टर

यूजीसीच्या मालवीय मिशन पोर्टलवर खातं उघडा, कार्यक्रमांची यादी बघा, पात्रता वाचा आणि नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांशी बोला. नंतर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या. तोंडी ‘हो’ वर थांबू नका. आवक क्रमांक पडलेली प्रत घ्या.

अर्जात दोन ओळी जास्तीच्या लिहा. कोर्सच्या काळात माझे कोणते तास कोण घेणार आहे, ते नावानिशी. ज्यांनी कबूल केलं त्यांच्या सह्याही घ्या. माझा अनुभव सांगते, परवानगी अडते ती बहुतेक वेळा तासांवरून. समोर सोडवलेलं वेळापत्रक ठेवलं तर प्राचार्यांना नाही म्हणायला कारण उरत नाही.

रजेबद्दल हे लक्षात ठेवा: २०१८ च्या विनियमांत इंडक्शन, रिफ्रेशर, परिषद अशा कामांसाठी शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मंजूर करता येते आणि ती पूर्ण पगारी असते. महिनाभराचा कोर्स केलात तर त्या वर्षीची मर्यादा जवळजवळ संपते, तेव्हा परिषदा त्या वर्षी आखू नका. मी नव्या लोकांना किरकोळ रजा टाकून ऑनलाइन कोर्स करताना बघितलंय. तसं करू नका.

ऑनलाइन कोर्सचा सगळ्यात मोठा धोका मस्टरचा. कोर्सची हजेरी सकाळी दहा ते पाच आणि त्याच दिवशी मस्टरवर सही, किंवा त्याच दिवशी कॅप सेंटरवर (विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावर) पेपर तपासल्याचं बिल. दोन्ही कागद पुढे एकाच टेबलावर येतात. कोर्स सुरू होण्यापूर्वी कार्यमुक्तीचं पत्र आणि संपल्यावर पुन्हा रुजू झाल्याचं पत्र घ्या, मग कोर्स घरबसल्या असला तरी. आणि बॅच निवडताना विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेवा.

पैसे हवे असतील तर आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकांना भेटा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात शिक्षकांच्या सक्षमीकरणावर वेगळा भाग होता. किती शिक्षकांना परिषदेसाठी आर्थिक मदत दिली आणि किती जण एफडीपीला गेले, याचे आकडे कॉलेजला दाखवावे लागत. त्यामुळे नोंदणी शुल्क मागताना संकोच करू नका. ती मदत कॉलेजच्याही कामाची असते.

४. कोर्समध्ये बसल्यावर

हजेरी, स्वाध्याय, शेवटची चाचणी, सूक्ष्म अध्यापन. हे सगळं करावं लागतंच, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी. सगळ्या व्याख्यानांतून वर्गात लगेच वापरता येईल अशी एकच गोष्ट निवडा आणि परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती करून बघा. आणि बॅचमधल्या तुमच्याच विषयाच्या तीन-चार जणांचे नंबर ठेवा. नव्या धोरणाने आपल्याला इतके नवे पेपर शिकवायला लावले आहेत, की कुणीतरी तयार केलेल्या नोट्स आणि प्रश्नपेढी वेळेवर मिळाली तर आठवड्याची झोप वाचते. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवी रचना आली तेव्हा मला सगळ्यात जास्त आधार सहा वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या दोन मैत्रिणींचा झाला. त्या दोघी विदर्भातल्या.

५. एकमेकांच्या तासाला बसा

माझ्या शिकवण्यात खरा फरक पडला तो इथे.

इंडक्शनहून आल्यावर मी मराठी विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमना विनंती केली, की माझ्या एका तासाला मागे बसाल का. विषय समोच्च रेषांचा होता, द्वितीय वर्षाचा वर्ग, ४८ मिनिटांचा तास. मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या, मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा फळ्यावर लावला होता. मी विचारलं, “या दोन रेषांमध्ये उंचीचा फरक किती?” आणि मला वाटलं, मी थांबले.

तास संपल्यावर मॅडमनी वही पुढे केली. त्यात शेरा नव्हता, नुसत्या खुणा होत्या. मी १७ प्रश्न विचारले होते. त्यातल्या ११ प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. प्रत्येक प्रश्नापुढे त्यांनी सेकंद लिहिले होते: १, १, २, १, १, ३. त्या एवढंच म्हणाल्या, “तुमच्या त्या तीन सेकंदांत उजवीकडच्या मुलीने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही पुढे गेलात.”

अमेरिकेत मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. हे मी कोर्समध्ये ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं. पण मॅडमच्या वहीतले ते आकडे बघेपर्यंत ते माझ्याबद्दल आहे असं मला वाटलं नव्हतं. आता प्रश्न विचारला की मी मनात पाच अंक मोजते. ती उजवीकडची मुलगी त्या सत्रात सहा वेळा बोलली. नकाशात तिच्याच गावामागचा डोंगर होता आणि तिथल्या वाटेचा चढ तिला पायाने माहीत होता.

हे तुम्हाला करायचं असेल तर असं करा:

– विभागप्रमुखांना बोलावू नका. ज्यांच्या हातात तुमचा गोपनीय अहवाल नाही अशा माणसाला बोलवा, शक्यतो दुसऱ्या विषयाचं.
– काय बघायचं ते आधी ठरवून सांगा. ‘कसं वाटलं?’ असं विचारलंत तर ‘छान झालं’ हेच उत्तर येणार. प्रश्न मोजा, फळा मागून दिसतो का बघा, मुलं कधी मोबाईलकडे वळतात ते टिपा, असं नेमकं काम द्या.
– वहीचं पान तुमच्याकडेच राहील, ते कुठल्याही फाईलला लागणार नाही, हे दोघांनी कबूल करा. ही अट मोडली की पुन्हा कुणी कुणाला वर्गात येऊ देत नाही.
– आठ दिवसांत त्यांच्या तासाला तुम्ही बसा. देवाणघेवाण असली की ती तपासणी वाटत नाही.

सोबत सत्राच्या मध्यावर मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नावाशिवाय. तीनच प्रश्न: काय समजतंय, काय अडतंय, मी काय बदलू. सत्र संपल्यावर भरून घेतलेला अभिप्राय पुढच्या बॅचला उपयोगी पडतो. मध्यावरचा याच मुलांना. मला आलेली एक चिठ्ठी मी अजून ठेवली आहे: “मॅडम, निळ्या खडूने लिहिता ते मागे दिसत नाही. सांगायची लाज वाटते.”

६. तासांची भिशी

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात एक शंभर पानी वही आहे. वर लिहिलंय ‘तास’. आतमध्ये प्रत्येकाच्या नावाचं एक पान. तुम्ही माझा तास घेतलात तर तुमच्या पानावर एक जमा, माझ्या पानावर एक खर्च. भिशीत पैसे फिरतात तसे इथे तास फिरतात. गरज ज्याची, उचल त्याची.

याची सुरुवात एका सहकाऱ्यामुळे झाली. तो घड्याळी तासिका तत्त्वावर होता, म्हणजे सीएचबीवर. त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि तो तीन आठवडे दवाखान्यात अडकला. सीएचबीवाल्याचा तास बुडाला की पैसेही बुडतात आणि पुढच्या वर्षी नाव राहील की नाही ही टांगती तलवार वेगळीच. त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. शिपाईमामांना कळलं, त्यांनी आम्हाला सांगितलं. त्याच्या वर्गातल्या मुलांचे तास आम्ही पाच जणांनी आपापल्या विषयाचे घेतले आणि परत आल्यावर त्याने आमच्या वेळेत आपले राहिलेले तास भरून काढले. मुलांचं नुकसान झालं नाही, त्याचंही नाही. सगळं प्राचार्यांना सांगून, वेळापत्रकातला बदल लिहून केलं. वही तेव्हा निघाली.

तुमच्याकडे अशी वही नसेल तर चार जणांत सुरू करा. नियम फार करू नका. आमचे तीनच आहेत. कारण विचारायचं नाही. बाळंतपण, आजारपण आणि मयत यांचा खर्च लिहायचा नाही. आणि सीएचबीच्या माणसाला कायम शिक्षकाने वर्षभर फुकट राबवायचं नाही, जमा-खर्च मार्चमध्ये मिटवायचा.

वहीचा आणखी एक फायदा आहे. २०१८ च्या मूल्यांकन तक्त्यात नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० मध्ये ‘समाधानकारक’ आणि ७० च्या खाली ‘असमाधानकारक’ धरतात. तास अदलाबदल करून घेतले असतील तर तुमचे आकडे पडत नाहीत. फाईलसोबत दोनशे पानी वही घ्या म्हटलं ती यासाठीच: रोजचा तास, विषय, हजर विद्यार्थी, एक ओळ. सहा वर्षांनी आठवून लिहिता येत नाही.

आणि बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या मैत्रिणींनो, नीट वाचा. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, वैद्यकीय रजा यांचा काळ या श्रेणीतून वगळायचा आणि उरलेल्या काळावरून पूर्ण काळाचं मूल्यांकन करायचं, असं त्याच विनियमांत आहे. रजेमुळे टक्केवारी कमी दाखवली तर तो परिच्छेद छापून अर्जाला जोडा.

७. सीएचबीवर असाल तर

दर सत्र संपताच घेतलेल्या तासांच्या आकड्यासह अनुभव प्रमाणपत्र मागा. दोन वर्षांनी मागितलं तर कार्यालयातली माणसं बदललेली असतात. कोर्सच्या बाबतीत, प्रत्येक कार्यक्रमाची पात्रता वेगळी असते. नसेलच तर ‘स्वयम’ सगळ्यांना खुलं आहे आणि त्याचं परीक्षेनंतरचं प्रमाणपत्र मुलाखतीत दाखवता येतं. स्टाफ मीटिंगला तुम्हाला बोलावत नसतील तर बोलवा असं म्हणा. कायम असलेल्यांनो, हे तुम्ही आधी म्हणा.

८. जमेनासं झालं तर

पहिल्या दोन वर्षांत नवे पेपर, पीएचडी, घरापासून लांब खोली, कर्जाचा हप्ता हे सगळं एकदम अंगावर येतं. झोप उडणं, वर्गात जायच्या विचाराने पोटात गोळा येणं, तपासायचे पेपर हातात घेऊन तासभर नुसतं बसून राहणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी मोफत नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा फोन केला आहे. पलीकडच्या बाईंनी कॉलेजचं नावही विचारलं नाही.

त्रास माणसाचा असेल तर तो लेखी मांडा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. २०१३ च्या कायद्याने ती प्रत्येक कॉलेजात असलीच पाहिजे आणि सदस्यांची नावं फलकावर लावलेली हवीत. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्या. इतर तक्रारींसाठी आधी प्राचार्य, मग विद्यापीठाची तक्रार निवारण समिती. जाताना एकट्याने जाऊ नका, भिशीतलं कुणीतरी बरोबर न्या.

शेवटचं काम आजच करा. उद्या तुमच्या तासाला मागे बसायला कुणाला बोलवायचं ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि सुट्टीच्या आधी त्यांना गाठा.